फळीवरची नणंद

मधली परदेशी निघाली तेव्हा तिनं छत्तिशी गाठली होती, आणि तोवर आयुष्यात ती एकदाही एकट्या खोलीत झोपलेली नव्हती.

तिचं अंथरूण असायचं स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्यामधल्या बोळात. कुणाला तहान लागली की तो तिला ओलांडून जायचा आणि पाणी पिऊन पुन्हा ओलांडून यायचा. धाकट्या भावाचा पाय तिच्या वेणीवर पडला नाही असा आठवडा जात नसे. "अक्का, जरा सरकून झोपत जा की," असं वर तोच म्हणायचा. सरकणार कुठं? एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पाण्याचं पिंप.

तिघा भावंडांत ही मधली, म्हणून मधली हेच नाव पडलं. थोरली लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं नांदत होती. धाकट्याची बायको घरात आली होती. मधलीचं काही जुळलं नव्हतं. का जुळलं नाही याची कारणं सांगणारे गल्लीभर होते, आणि ती ऐकून ऐकून मधलीचे कान निबर झाले होते. हातात मात्र कसब होतं. रफूचं. शालीला कसर लागली, कोटावर ठिणगी उडाली की लोक तिला हुडकत यायचे. ती त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायची आणि त्याच धाग्यांनी, उभे-आडवे घालत, भोक असं भरून काढायची की कपड्याच्या मालकालाच ते कुठं होतं ते आठवेना.

तर एका ओळखीच्या बाईनं सांगितलं, परदेशात एका मोठ्या हॉटेलाला रफूवाली हवी आहे. राहायला खोली तेच देतात. मधलीनं घरात विषय काढला आणि चुलीवरचं भांडं खाली उतरवायचंही कुणाला भान राहिलं नाही.

"एकटी?" आई म्हणाली. "अगं, तुला कोपऱ्यावर दोरा आणायला पाठवली तर तू वाट चुकून तासानं येतेस."

"चुकत नाही, आई. मुद्दाम लांबून येते."

"ते कशाला?"

आतून कडी लागणारं एक दार आपल्याला हवंय, हे त्या घरात बोलायची सोय नव्हती. बोलली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, आत बसून करणार काय?

पण ती गेली. रडारड झाली, थोरलीनं दृष्ट काढल्यासारखा तिच्या तोंडावरून हात फिरवला, भावजयीनं वाटेत खायला डबा भरून दिला. विमानात तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या निघाल्या. ती दोन्हींवर हात पसरून बसली, आणि हवाईबाईनं येऊन काही विचारलं तरी तिनं हात काही आवरले नाहीत.

खोली खरोखरच तिची एकटीची होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीत कपाट, कोपऱ्यात एका भांड्याची शेगडी आणि दाराला आतून कडी. पोचली त्या दिवशी तिनं कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग खाटेवर बसली. बसल्या बसल्या तिला कळेना, की कान असे का वाजताहेत. घरात शांतता झाली म्हणजे कुणीतरी रुसलेलं असायचं. इथं कुणी रुसलेलंही नव्हतं. तिनं फोन लावला. तिकडं स्वयंपाकघरात सगळे जमले, पडद्यावर एकमेकांची डोकी ढकलत बोलले. बोलणं संपलं. आई म्हणाली, "बरं, ठेवू का मग?"

"ठेवू नका," मधली म्हणाली. "बोलू नका हवं तर. तुमची तुमची कामं करा. नुसता चालू राहू दे." आणि हमसून हमसून रडायला लागली.

चूक झाली ती एवढीच. पण तिकडच्या माणसांनी ते रडणं मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं आपला जुना फोन काढला, स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीला टेकवला, पडू नये म्हणून रबर लावून बांधला आणि वायर ओढून कायमची खोचून दिली. मधलीचं काम सकाळी लवकर सुरू व्हायचं आणि दुपारी सुटायचं. ती खोलीवर येऊन पाय धुवायची तेव्हा तिकडं दिवेलागण झालेली असायची. मग फोन लागायचा, तो मंडळी झोपेपर्यंत. अशी मधली रोज फळीवर येऊन बसायला लागली. एका बाजूला मीठ, दुसऱ्या बाजूला चहाचा डबा, मध्ये ती.

पहिले काही दिवस बरं वाटलं, नाही असं नाही. नळाचं पाणी पडायचं, भावजय भांडी आपटायची, आई जांभई देताना नेहमीचा लांब सूर काढायची, आणि मधली खाटेवर पडून ते ऐकत ऐकत चहा प्यायची. पुढं मात्र तिला फळीवरची कामं लागली.

"मधले, दुधावर लक्ष ठेव गं जरा," असं म्हणून आई बाहेर जायची. दोन समुद्र पलीकडं मधली डोळ्यांत तेल घालून दुधाकडं बघत बसायची. साय थरथरली की ओरडायची, "अगं उतू चाललं! उतू! आहे का कुणी?" तिकडून कुणी येण्याआधी इकडच्या भिंतीवर थाप पडायची. शेजारच्या खोलीत एक गाडी चालवणारा राहायचा. एकदा तो घाबरून दारातच आला. "काय पेटलं?" त्यानं हातवारे करून विचारलं. मधलीनं फोन दाखवला. त्यानं पडद्यावरच्या पातेल्याकडं बघितलं, मधलीच्या त्या एका भांड्याच्या थंड शेगडीकडं बघितलं, आणि डोक्यावरून हात फिरवत परत गेला. तेव्हापासून जिन्यात भेटला की तिला जरा जास्तच जपून वाट द्यायचा.

भाची पाढे म्हणायला फळीसमोर यायची. धाकटा चष्मा हरवला की विचारायचा, "अक्का, तुला तिथून दिसतोय का बघ." थोरली सासूबद्दल बोलायला यायची ती चप्पल काढून सरळ फळीसमोरच उभी राहायची, आईकडं ढुंकूनही न बघता. "तू लांब आहेस म्हणून तुला सांगते," असं म्हणून सांगायची, आणि आई, भाऊ, भावजय सगळे तिथंच उभे राहून ऐकायचे. मधलीनं निवाडा द्यायचा. घरात असताना जिचं मत भाजीत मीठ किती याबद्दलही कुणी विचारलं नव्हतं, तिला आता फळीवरून सगळं विचारलं जायचं. याची गोडी लागते. तिलाही लागली. पण गोडी लागली तरी पाय अवघडायचे ते अवघडायचेच.

कारण खोलीत आता तिला खोली म्हणून काही उरलंच नाही. ती जेवायची फोनसमोर, वेणी घालायची फोनसमोर. उठून खिडकीपाशी गेली की आवाज यायचा, "कुठं गेलीस गं? दिसेना झालीस." कंटाळून डोळे मिटले की, "बरं नाही का?" हसू आलं नाही तर आईचा जीव खालीवर, आणि जास्त हसली तर थोरली म्हणायची, "काहीतरी लपवतेय ही." सात-आठ महिने झाले. घरासमोरच्या बाईनं कुठल्या रंगाचा पडदा लावलाय ते मधलीला ठाऊक होतं, पण स्वतःच्या खिडकीखालून जाणारी बस पुढं कुठं जाते ते ठाऊक नव्हतं. बोळातलं अंथरूण तिनं जणू गुंडाळून बरोबर आणलं होतं, आणि ओलांडणारी माणसंही.

हॉटेलात तिची जागा तळघरात होती. कपड्यांची खोली. भिंतीला चादरींच्या थप्प्या, मध्ये लांबच लांब टेबल, वर पांढरा दिवा, आणि पलीकडं धुण्याच्या यंत्रांची घरघर. जळक्या डागांची टेबलावरची कापडं, खिशाशी फाटलेले वाढप्यांचे कोट, उसवलेले अभ्रे असं सगळं तिच्यापुढं येऊन पडायचं. पाहुण्यांचे भारी लोकरी कपडे मात्र समोरच्या गल्लीतल्या एका जुन्या रफूच्या दुकानात जायचे. ते दुकान एक म्हातारी चालवायची.

एकदा दुकानातून परत आलेल्या कोटावर कपड्यांच्या खोलीची मुकादमीण नाक मुरडून बोट फिरवत राहिली. रफूची जागा फुगली होती. तिनं तो कोट मधलीसमोर टाकला. मधलीनं सगळे टाके उपसले, दुमडीतून ताजे धागे काढले आणि पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटायच्या वेळेला म्हातारी स्वतः काठी टेकत तळघरात हजर.

"कुणी केलं?"

मुकादमिणीनं हनुवटीनं मधली दाखवली. म्हातारीनं कोट उलटा केला, आतली बाजू गालाला घासून बघितली. मग मधलीचा उजवा हात ओढून बोटांची टोकं चाचपली, बैलबाजारात दात बघतात तशी.

"माझे डोळे गेले," ती तिथल्या भाषेत म्हणाली. ती भाषा मधलीला आता निम्मीअधिक कळायची, आणि म्हातारी हळू बोलायची. "शिवता येतं, रफू होत नाही. तू दुपारी इथून सुटलीस की माझ्याकडं ये. अंधार पडेपर्यंत बस. मदतनीस नकोय मला. माझ्यामागं दुकान चालवेल असं माणूस हवंय. माझा पुतण्या तिथं किल्ल्या करायचं यंत्र बसवायला टपलाय. शनिवारी दुकान बंद करायच्या आत येऊन सांग. नाही आलीस तर मी त्याला हो म्हणणार."

"रोज यायचं?" मधलीनं विचारलं.

"गिऱ्हाईक रोज येतं."

म्हणजे फळीची वेळ तीच दुकानाची वेळ. मधली खोलीवर आली ती पायऱ्या न मोजता, हवेतून आल्यासारखी. दुकान! आणि जिन्याच्या शेवटच्या वळणावर तिचे पाय जड झाले. आईला सांगायचं कसं?

बुधवारी सांगणार होती, तर थोरली आलेली. तिच्या सासूनं तिच्या चहाला नावं ठेवली होती आणि ते प्रकरण झोपायच्या वेळेपर्यंत पुरलं. गुरुवारी भाचीला शाळेत भाषण होतं, ते सतरा वेळा ऐकावं लागलं. शुक्रवारी मात्र मधलीनं फोन लागल्या लागल्याच मनाचा हिय्या केला.

"मला एक सांगायचंय तुम्हाला."

एवढंच बोलली. आईच्या हातातली पळी खाली पडली. "काय झालं? बरं नाही का? मी म्हटलंच होतं, परवापासून हिचा चेहरा उतरलाय!"

"आई, तसं काही—"

"काढून टाकलं का कामावरून?" धाकटा आतून धावत आला.

"अरे नाही—"

"कुणी भेटलंय का?" थोरली दारातूनच म्हणाली. ती नेमकी पाऊल टाकत होती. तिच्यामागून शेजारची बाईही डोकावली. आईनं पदर डोळ्यांना लावला. फळीसमोर डोक्यांची ही गर्दी झाली आणि सगळे डोळे मधलीवर.

"उशी घेतली," ती म्हणाली.

"काय?"

"नवी उशी घेतली. तेच सांगायचं होतं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "अगं मग असं सांगतात होय? दाखव बघू!" मधलीनं खाटेवरची जुनीच उशी उचलून पडद्यासमोर धरली. "छान आहे," आई म्हणाली. थोरली म्हणाली, "जरा चपटीच वाटते." शेजारच्या बाईनं विचारलं, कापसाची का कशाची? मधली उशी धरून उभी राहिली आणि उत्तरं देत राहिली. मनातल्या मनात म्हणत होती, अगं मेले, तुझ्या तोंडाला झालंय काय.

शनिवार उजाडला. ती कामावरून आली, फोन लावला. आज बोलायचंच. तर फळीसमोर कुणी नाही. फक्त भावजय, शेगडीपाशी, पाठमोरी.

"कुठं गेले सगळे?"

"सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलंय. दोघंही भावंडं गेलीत, पोरगी पण हट्ट करून गेली. येतील इतक्यात."

मधलीच्या ध्यानात आलं की एवढ्या महिन्यांत आपण आणि ही अशा दोघीच कधी नव्हतो. भावजयीनं कढईत तेल ओतलं, वळून एकदा फळीकडं बघितलं, आणि कढई वाकडी करून थोडं तेल परत भांड्यात काढलं.

"ते परत का ओतलंस?"

"कुठं काय."

"अगं, मी बघितलं ना."

"बघितलंत," भावजय म्हणाली. "तेच तर."

मग तिनं शेगडी बंद केली. हात पुसले. फळीसमोर येऊन उभी राहिली. मधलीनं तिचा चेहरा इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता. भुवईपाशी एक जुना व्रण होता तिच्या.

"अक्का, एक बोलू का? रागवणार नसाल तर बोलते. रागवलात तरी बोलते आता."

"बोल."

"तुम्ही इथं होतात ना, तेव्हा दुपारी तुमचा डोळा लागायचा. रफूला बसलात की मान वर करायच्या नाहीत. बाहेर जायच्या तर तासभर यायच्या नाहीत. तेवढ्यात माझं मला चालायचं. आता तुमचा डोळा लागतच नाही. मी तेल ओतते, तुम्ही आहात. मी नाक पुसते, तुम्ही आहात. यांच्याशी दोन शब्द भांडायचं म्हटलं तरी मोरीत जाऊन कुजबुजत भांडावं लागतं. कुजबुजत भांडण होतं का कधी, तुम्हीच सांगा. हसूच येतं मध्ये."

मधलीनं फोन जरा जवळ ओढला.

"लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, नणंदेचं लग्न होईल, स्वयंपाकघर माझं होईल. मग तुम्ही परदेशी निघालात. खोटं कशाला बोलू, मी डबा भरून दिला तो आनंदानं दिला. आणि तुम्ही गेलात त्या येऊन फळीवर बसलात! सगळ्यांच्या आधी माझ्या पोटात काही पडलं तर दिसायला नको, म्हणून मी या फळीच्या खाली उकिडवी बसून दोन घास खाते. तिथलं दिसत नाही तुम्हाला."

मधलीला आठवलं. भावजय मध्येच खाली वाकायची आणि बराच वेळ दिसायची नाही. तिला वाटायचं, काहीतरी सांडलंय, पुसत असेल.

"मग उचलून ठेवायचा होता फोन!" ती फणकारली. लाज वाटली की तिला आधी राग यायचा. "मी काय दोरीनं बांधलंय का तुम्हाला?"

"कोण उचलणार? पहिल्या दिवशी तुम्ही अशा रडलात. सासूबाईंनी सगळ्यांना बजावलंय, फोन बंद करायचा नाही, पोर एकटी आहे. त्या स्वतः संध्याकाळी समोर ओट्यावर बायकांत जाऊन बसायच्या, आठवतंय ना? ते सोडलं त्यांनी. म्हणतात, मधलीला दिसेल मी उठून गेले, तिला वाटेल कंटाळले."

"पण मला तर दुधावर बसवून बाहेर जाते की ती!"

"दारापर्यंत जातात आणि उभ्या राहतात." भावजय म्हणाली. "अक्का, दूध वर यायच्या आधी मला वास येतो हो. एवढी वर्षं मीच तापवतेय. सासूबाई म्हणतात, तिला काहीतरी काम सांगत जा, तिला बरं वाटतं."

हे मात्र मधलीच्या काळजात गेलं. बाकीचं सगळं तिनं ऐकून घेतलं असतं. पण दूध! त्या दुधापायी शेजारचा माणूस तिला वेडी समजत होता. ती खुर्चीवरून उठली, खिडकीकडं गेली, परत आली. तिकडं भावजय घाबरून पदराचं टोक पिळत होती.

"मी जास्त बोलले का?"

"नाही. आठ महिने कमीच बोललीस." मधली खाली बसली. "मला एका दुकानात बोलावलंय. दुपारचं. रोज. पुढं मागं ते माझंच होईल. आज सांगायचंय, अंधार पडायच्या आत."

भावजयीचं तोंड उघडंच राहिलं. "मग अशा बसलाय काय? जा की!"

"आई?"

"ते..." भावजय म्हणाली, आणि तेवढ्यात दार वाजलं. मंडळी आली.

आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, थोरलीनं हाताला धरून तिला फळीसमोर स्टुलावर आणून बसवलं. "आहे का गं मधली?" आईनं डोळे बारीक करत विचारलं. "मला आज नुसतं धुकं दिसतंय."

आपण आईला दिसत नाही म्हटल्यावर मधलीला जरा बळ आलं. एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. दुकान, म्हातारी, पुतण्याचं किल्ल्यांचं यंत्र, सगळं. आणि शेवटी, "म्हणजे या वेळेला आता मला फोनवर येता यायचं नाही."

आई पापण्या मिचकावत राहिली. "अगं पण तुझं कसं होईल?" ती म्हणाली. "एकटीचं?"

"अगं, सोपं आहे!" धाकट्याच्या डोक्यात उजेड पडला. "अक्का, तू दुकानातच लाव ना फोन! तिथं काय फळी नसेल?"

"हो की!" थोरली खुलली. "आम्हालाही दुकान बघायला मिळेल. गिऱ्हाईकं कशी येतात, कोण काय बोलतं."

"आत्या, मी गिऱ्हाईकांना पाढे म्हणून दाखवीन," भाची म्हणाली.

बघता बघता सगळ्यांचे चेहरे उजळले. आईसुद्धा हसली, मधली नव्हती त्या दिशेला बघून हसली. कुणी नाही म्हणावं असं त्यात होतं काय? मधलीला दिसायला लागलं, दुकानात धाग्यांच्या रिळांमध्ये एक फोन उभा आहे आणि त्यातून थोरली म्हणतेय, अगं तो टाका जरा वाकडा वाटतो. तिच्या ओठांवर 'बरं' आलंसुद्धा. आयुष्यभर तेच येत आलं होतं. तिनं पडद्यावर सगळ्यांच्या मागं बघितलं, भावजय शेगडीपाशी उभी होती, कढईचा कान धरून.

"नको," मधली म्हणाली.

"नको म्हणजे?" धाकट्याला कळेना.

"नको म्हणजे नको. रविवारी मी फोन करीन. आईच्या हातात द्या. ती बोलेल, मी बोलेन, मग ठेवू. फळीवर नको."

"आम्ही डोळ्यांत खुपायला लागलो वाटतं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, औषधाचं की कसलं ते तिचं तिलाच ठाऊक.

"आई, तू ओट्यावर जाऊन बस उद्यापासून."

"मला कुठं जायचंय ओट्यावर! तिथं काय सोनं वाटतात?"

"बस म्हणते ना."

"तुझ्याशी बोलायचं सोडून मी त्या बायकांत बसू?"

"बस आणि रविवारी मला सांग, कोण काय म्हणालं. आता तू सांगायचंस तरी काय मला? मी सगळं बघतच असते."

आईचा चेहरा रागावलेलाच होता आणि तो लवकर निवळेल असं दिसत नव्हतं. थोरली पुटपुटली, "परदेशात गेली की माणसं बदलतात म्हणतात ते काही..." आणि भावजयीनं मध्येच कढईत चमचा मोठ्यानं आपटला.

"बरं, ठेवा मग," मधली म्हणाली.

"तू ठेव."

"तुम्ही ठेवा ना."

"तुला जायचंय, तू ठेव," आई म्हणाली.

इतक्या महिन्यांत फोन कुणी ठेवलाच नव्हता. मंडळींना झोप लागायची, कधी तरी तो आपोआप तुटायचा. मधलीनं अंगठा त्या लाल खुणेवर नेला. तिकडं सगळे एका रांगेत उभे, जत्रेत तसबीर काढायला उभे राहतात तसे, आणि आई धुक्यातून कुठं तरी भलतीकडं बघतेय. तिनं दाबलं.

खोलीत पलीकडच्या भिंतीतून गाणं ऐकू आलं. शेजारचा गाडीवाला गुणगुणत होता, बेसूर. बहुतेक रोजच गुणगुणत असावा. मधलीनं पायात चप्पल अडकवली आणि जिना उतरली. उन्हं कलली होती. ती चालली नाही, पळालीच म्हणायला हवं, आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन दम खायला थांबली तर म्हातारी दुकानाबाहेर काठीनं लोखंडी पडदा खाली ओढत होती. अर्धा आला होता.

"थांबा!" मधली ओरडली, आपल्याच भाषेत.

म्हातारीनं मान वळवली. डोळ्यांना दिसलं नसावं, पण आवाज ओळखला. "उशीर केलास," ती म्हणाली. "पुतण्या आत्ताच विचारून गेला."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, अजून दार बंद झालेलं नाही. ये, वाकून ये."

आत एका माणसापुरती जागा. रिळांचे खण, इस्त्री, भिंतीला टांगलेले कोट. आणि रस्त्याकडच्या काचेला लागून एक उंच खुर्ची, समोर तिरकी फळी, वर दिवा.

"इथं बसायचं," म्हातारी खुर्चीवर काठी आपटत म्हणाली. "माझी आई इथं बसली, मी बसले. येणारे-जाणारे काचेतून बघतात. रफू करताना बघितलं की लोकांना आपली भोकं आठवतात, मग आत येतात. दुपारपर्यंत खुर्ची रिकामी, दुपारनंतर तू काचेत."

मधली त्या काचेकडं बघत राहिली. बाहेरून एक बाई जात होती, तिनं आत डोकावलं, मधलीला नीट न्याहाळलं आणि पुढं गेली. पळून पळून यायचं ते कुठं, तर इथं! हसावं की परत फिरावं, तिला कळेना. ती खुर्चीवर चढली. काचेकडं तोंड करून क्षणभर बसली. उजेड सरळ डोळ्यांवर येत होता.

मग खाली उतरली, खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि पायांवर फिरवून काचेकडं पाठ करून ठेवली.

"अशी बसले तर?" तिनं विचारलं. "डाव्या खांद्यावरून उजेड हातावर येईल."

म्हातारी काठीवर हनुवटी टेकून विचार करत राहिली. "गिऱ्हाईकाला तुझं तोंड दिसणार नाही," ती म्हणाली.

"नाही दिसणार."

"नुसती पाठ दिसेल."

"हो."

म्हातारीनं खांदे उडवले, खुंटीवरचा एक कोट काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. कोपराला भोक होतं. मधलीनं अस्तराची दुमड उलटी केली, सुईच्या टोकानं पहिला धागा उचकला आणि न तुटेल इतपत जपून ओढायला लागली.